चिंगीने खाणं सोडलं तेव्हा: पाचपाखाडीतल्या या दवाखान्याबद्दल

ठाण्यात पाळीव उंदराला नीट तपासणारं कुणी आहे का, असा प्रश्न पडलेल्यांना माझं उत्तर आहे, हो, हा दवाखाना. आणि तुमच्या उंदराने आज काहीच खाल्लं नसेल तर पुढचं वाचत बसू नका, आधी यांना फोन लावा. कुत्रा एक वेळ जेवला नाही तर आपण उद्यापर्यंत वाट बघू शकतो. तीनशे ग्रॅमच्या जिवाकडे तेवढा साठा नसतो. त्याचा दिवस फार झपाट्याने संपतो.

मी सराफी पेढीवर कामाला आहे, राहायला कळव्यात. घरी दोन मादी उंदीर आहेत, चिंगी आणि बुंदी. मुलीच्या हट्टाने आल्या आणि आता घरातल्याच झाल्यात. चिंगीचं डोकं काळं, अंग पांढरं. ती दोन वर्षांची होत आली आहे. या प्राण्याचं आयुष्यच दोन ते तीन वर्षांचं, त्यामुळे वयाने ती म्हातारी म्हणायची. पण म्हातारपण म्हणजे आजार नव्हे, हे मी याच दवाखान्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडून ऐकलं. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, "वय झालंय, चालायचंच" म्हणून पिंजऱ्याचं झाकणही न उघडता आम्हाला परत पाठवलं होतं.

जुलैचे दिवस होते, पाऊस लागलेला, घरात कपडे वाळत नव्हते. चिंगीने आधी कडक दाणे बाजूला सारले, मग पोळी, मग तिचं आवडतं उकडलेलं अंडंसुद्धा. पाठ कुबडासारखी वर, केस फुललेले, श्वास घेताना कुशी आत-बाहेर. नाकाभोवती लालसर डाग. मुलगी रक्त म्हणून घाबरली. एरवी चिंगीचं वजन ३१२ ग्रॅम असायचं, ते २६८ भरलं. ४४ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात, पण तो तिच्या अंगाचा सातवा हिस्सा आहे. साठ किलोच्या माणसाचे साडेआठ किलो उतरले तर घरात काय होईल, असा हिशेब मी बायकोसमोर मांडला आणि आम्ही रिक्षा केली.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा काय केलं, ते सांगतो, कारण माझ्या लेखी या दवाखान्याची किंमत तिथेच ठरली. आम्ही घरून सेरेलॅक कालवून डबीत नेलं होतं, त्या निदान दोन घास तरी भरवतील या आशेने. मॅडमनी डबी बाजूला ठेवली. चिंगीचे तळवे आणि शेपूट हाताला गार लागत होते. त्या म्हणाल्या, "काका, आत्ता भरवायचं नाही. अंग गार असताना पोट चालत नाही, आणि ती धापा टाकतेय. घास फुप्फुसात गेला तर आपण तिला आपल्या हाताने घालवू." मग त्यांनी क्रम सांगितला. आधी ऊब, मग श्वास, मग पाणी, मग दुखणं, आणि अन्न सगळ्यात शेवटी. खात नाही म्हणून भरवायचं एवढंच आपल्याला सुचतं. पण न खाणं हे आजाराचं दाखवणं असतं, आजार वेगळाच असतो. हा क्रम मी कागदावर लिहून फ्रीजवर लावला आहे.

चिंगीला त्यांनी एका पारदर्शक पेटीत ठेवलं, एका बाजूने गरम पाण्याची पिशवी आणि नळीने ऑक्सिजन. पेटीवर अर्धा टॉवेल टाकला, म्हणजे तिला अंधार मिळेल. या वेळात त्यांनी आम्हाला प्रश्न विचारले, आणि इतके बारीक प्रश्न मला माझ्या स्वतःच्या डॉक्टरांनीही कधी विचारले नाहीत. घास पंजात धरता येतो का? (म्हाताऱ्या मादीला मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीची गाठ झाली की पुढच्या पंजांची पकड जाते, म्हणून हा प्रश्न.) अन्नाजवळ जाऊन परत फिरते की जातच नाही? जाऊन परत फिरत असेल तर दातांचा संशय. पिंजऱ्यात खाली काय पसरता? घरात धूप, अगरबत्ती, डासांची कॉइल लावता का? लघवीचा वास साठतो का? त्यातला अमोनिया छातीच्या दुखण्यात तेल ओततो, असं त्यांनी सांगितलं.

दात त्यांनी बघितले, ते ठीक होते. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, झिजले नाहीत तर वळून टाळूत घुसतात. दाढा मात्र सशासारख्या वाढत नाहीत, त्यामुळे तिथे फार शोधावं लागत नाही. मग नाकाभोवतीचा लाल डाग. मॅडमनी खोलीतला दिवा घालवला आणि नोटा तपासतात तशा जांभळ्या उजेडाची छोटी बॅटरी त्या डागावर धरली. डाग गुलाबी-लाल पेटला. असली बॅटरी आमच्या पेढीवरही असते, काही हिरे तिच्या उजेडात निळे दिसतात, त्यामुळे मला ते लगेच कळलं. मुलीला मात्र त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. हे रक्त नाही, रक्त असं चमकत नाही. उंदराच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून पोर्फिरिन नावाचं लाल द्रव्य येतं. निरोगी उंदीर तोंड धुताना ते पुसून टाकतो. आजारी, दुखणाऱ्या किंवा घाबरलेल्या उंदराचं ते जास्त येतं आणि त्याला पुसायची ताकद नसते, म्हणून डाग दिसतो. मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण तिथे पहिल्यांदा सैल झाला.

निदान होतं छातीच्या जंतुसंसर्गाचं. मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात लहानपणापासून असतो. तो पूर्ण जात नाही, दबून राहतो आणि वय, दमट हवा, ताण यांनी डोकं वर काढतो. उंदीर मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. नाक चोंदलं की घास चावायचा की श्वास घ्यायचा, यात तो श्वास निवडतो. मॅडमनी हे खोटी आशा न दाखवता सांगितलं. "बरी होईल असं म्हणत नाही. पुन्हा खाती-पिती होईल, यासाठी प्रयत्न करू."

अंग गरम झाल्यावर त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, रिंगर लॅक्टेट, कोमट करून. खांद्यांच्या मध्ये सुपारीएवढा फुगवटा आला. तो काही तासांत जिरतो, घाबरू नका, हे त्यांनी सुई टोचायच्या आधी सांगितलं, नंतर नाही. असल्या गोष्टी आधी सांगणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला फार आदर वाटतो. दोन प्रतिजैविकं दिली, डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन, आणि दुखण्यावर मेलॉक्सिकॅम. मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ती तुमच्या उंदराच्या वजनावर ठरते आणि ती डॉक्टरनेच ठरवायची.

औषध आणि अन्न यांची एक गाठ आहे, ती मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. डॉक्सिसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन ही दोन्ही औषधं कॅल्शियमला चिकटतात आणि मग अंगात नीट शोषली जात नाहीत. सेरेलॅकमध्ये दूध असतं. दही, पनीर यांचंही तेच. म्हणजे औषध कडू म्हणून दह्यातून दिलं, तर औषध दिल्यासारखं दिसतं आणि निम्मं वाया जातं. मॅडमनी गुळाच्या पाण्याच्या थेंबातून औषध द्यायला सांगितलं आणि दुधाचं काही द्यायचं तर मध्ये दोन तास ठेवायला. हे वाक्य त्यांनी माझ्याकडून परत म्हणवून घेतलं.

आता भरवण्याची शिकवणी. ही सेवा त्यांच्या बिलात वेगळी लिहिलेली नसते, पण माझ्या मते दवाखान्याचं सगळ्यात मोलाचं काम हेच. मॅडमबरोबरच्या दादांनी आधी करून दाखवलं, मग माझ्या बायकोच्या हातात चिंगी दिली. नॅपकिनमध्ये गुंडाळायचं, पुढचे पाय आत, डोकं बाहेर. बसल्या स्थितीत धरायचं, बाळासारखं पाठीवर कधीच नाही. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज बाजूने आणायची. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे टोक टेकवायचं. एक थेंब. जीभ हलते, घसा हलतो, तो बघायचा. मग दुसरा थेंब. घसा हललेला दिसला नाही तर थांबायचं. घरघर ऐकू आली किंवा तोंडातून लाळ आली तर लगेच थांबायचं. उंदराला उलटी करता येत नाही. अडकलेलं बाहेर काढायची जी सोय आपल्याकडे आहे ती त्याच्याकडे नाही, म्हणून पीनट बटर, ओला मऊ पाव, चिकट पेढा हे आजारी उंदराला अजिबात नको. बायकोचा हात पहिल्यांदा थरथरत होता. दादा म्हणाले, "वहिनी, घाई ती करत नाही, तुम्ही करताय." त्यानंतर तिचा हात स्थिर झाला आणि आजही चिंगीला भरवायचं काम तिच्याकडेच आहे.

एका वेळी एक ते दोन मिली, दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. घरी आम्ही पातळ सेरेलॅक, उकडलेल्या अंड्याचा बलक कोमट पाण्यात घोटून, लाल भोपळ्याचा गर, बिनमिठाची मुगाची पातळ खिचडी मिक्सरमधून काढून, असं आलटून पालटून दिलं. कुत्र्या-मांजरांसाठी आजारपणातलं मऊ अन्न डब्यात मिळतं, तेही दवाखान्यात ठेवतात. डबा उघडला की लवकर संपवावा लागतो आणि उंदराला तेवढं संपत नाही. दादांनी युक्ती सांगितली. बर्फाच्या ट्रेमध्ये चमच्याने भरून फ्रीझरला लावायचं, लागेल तसा एक खडा काढून वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायचा. थंड घास द्यायचा नाही. पाणीही मोजायचं. उंदराला दिवसाला शंभर ग्रॅम वजनामागे साधारण १० मिली पाणी लागतं, म्हणजे चिंगीला तीस मिलीच्या आसपास, त्यात अन्नातलं पाणी धरून.

इथे सिरिंजबद्दल थोडं लिहितो. मेडिकलमध्ये बारीक सिरिंज मागितली की बरेचदा इन्सुलिनची देतात. मलाही एका दुकानात तीच दिली. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन जातीच्या सिरिंज चालतात, ४० युनिटची आणि १०० युनिटची. एकीत ४० युनिट म्हणजे १ मिली, दुसरीत १०० युनिट म्हणजे १ मिली. युनिट मोजून औषध दिलं आणि सिरिंज दुसऱ्या जातीची निघाली, तर मात्रा अडीच पट इकडची तिकडे होते. तीनशे ग्रॅमच्या जिवाला हा फरक झेपणारा नाही. मी परत केली आणि मिलीच्या रेघा असलेली १ मिलीची साधी सिरिंज घेतली. तुम्हीही तीच मागा आणि रेघा उजेडात वाचून घ्या.

याच संदर्भात दवाखान्याबद्दलची माझी एक तक्रार. औषधाच्या बाटलीवर मात्रा हाताने लिहिली होती आणि शून्य न लिहिता नुसतं टिंब देऊन आकडा. टिंब पुसट झालं की .२ चे २ होतात. आयुष्यभर मिलिग्रॅममध्ये काम केलेल्या माणसाच्या डोळ्यांना ते खटकणारच. मी बोललो. मॅडमनी वाद न घालता तिथेच चिठ्ठी बदलून ०.२ लिहिलं आणि दादांना म्हणाल्या, यापुढे सगळ्यांचं असंच. पुढच्या वेळी गेलो तेव्हा छापील चिठ्ठी होती. तरी नवीन येणाऱ्यांनी बाटली हातात घेतल्यावर आकडा मोठ्याने वाचून दाखवा.

बसायच्या जागेबद्दलही सांगायला हवं. एकच खोली, त्यात कुत्री. कुत्र्याच्या भुंकण्याने आणि मांजराच्या वासाने उंदराचा जीव अर्धा होतो. आम्ही जिन्यात थांबलो आणि दादांनी नंबर आल्यावर हाक मारली, पण जिन्यात पावसाचं पाणी येतं. छोट्या प्राण्यांसाठी अर्धा तास वेगळा ठेवला तर किती बरं होईल. दुसरं, उंदीर, ससे, पक्षी बघणाऱ्या मॅडम रोज नसतात. त्या नसताना दुसरे डॉक्टर मोकळेपणाने सांगतात की मला यातलं फार येत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडतो, पण आजार वार बघून येत नाही.

वजन रोज सकाळी, भरवायच्या आधी, एकाच वाटीत नॅपकिन ठेवून घ्यायला सांगितलं होतं. मी पेढीवरच्या सवयीने वाटी ठेवून काटा शून्यावर आणतो, चिंगी हलायची थांबली की आकडा वहीत लिहितो. २६८, मग २६५, मग २६५. ते दोन सारखे आकडे बघून मी मॅडमना फोन केला होता. त्यांचं म्हणणं, घसरण थांबली हीच पहिली बातमी, चढण नंतर येते.

खाण्याचं कुलूप मात्र बुंदीने उघडलं. दोघींना वेगळं करायचं का, असं मी विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, जंतू दोघींच्याही अंगात आहे, वेगळं करून फक्त एकटेपणा वाढेल. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला अजून नवलाची वाटते. उंदीर दुसऱ्या उंदराच्या श्वासाला येणाऱ्या अन्नाच्या वासावरून ठरवतो की हे खाणं भरवशाचं आहे. यावर प्रयोग झालेले आहेत. म्हणून आधी बुंदीला तेच अन्न खाऊ द्या, तिला चिंगीजवळ जाऊ द्या, आणि मग चिंगीसमोर वाटी ठेवा. आम्ही भोपळ्याच्या गरात बलक कालवून बुंदीला दिला. ती मिश्या माखून चिंगीकडे गेली. चिंगीने तिच्या तोंडाशी नाक नेलं, बराच वेळ हुंगत राहिली, मिश्या वेगाने हलत होत्या. मग तिने बुंदीच्या हनुवटीला लागलेला गर चाटला. मी वाटी आत सरकवली. तिने वाटीच्या काठावर दोन्ही पंजे टेकले आणि स्वतः खाल्लं. थोडंच, पण सिरिंजशिवाय. मुलीने शाळेत जाण्याआधी हे बघितलं आणि दप्तर पाठीवर असतानाच ती रडली. त्या आठवड्याच्या शेवटी वहीत २७१ लागले.

अवघड बोलणंही झालं आणि ते कसं झालं ते लिहायलाच हवं. तपासणीच्या खोलीत भिंतीवर उंदराच्या चेहऱ्यांचा एक तक्ता आहे. उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची ही पद्धत २०११ साली प्रसिद्ध झाली. डोळे अर्धवट मिटलेले, नाक-गाल फुगीर न राहता सपाट, कान वळून बाजूला, मिश्या ताठ. मॅडमनी मुलीला तो तक्ता शिकवला आणि रोज चिंगीशी ताडून बघायला सांगितलं. मग तिच्यादेखतच म्हणाल्या, औषध चालू असून श्वासाला त्रास होतच राहिला, वजन पडतच राहिलं आणि चेहरा असा दिसू लागला, तर भरवत राहणं तिच्यासाठी नसेल, आपल्यासाठी असेल. तेव्हा मला बोलवा, तिला त्रास न होता झोपवता येतं, आणि तेव्हा तुम्ही जवळ थांबू शकता. मुलीने विचारलं, "तिला कळेल का?" मॅडम म्हणाल्या, "तुझा वास कळेल." मोठ्यांना बाहेर बोलावून कुजबुजण्यापेक्षा हे मला शंभर पट योग्य वाटलं. तेरा वर्षांच्या मुलीने दोन वर्षं त्या जिवाचं सगळं केलं आहे, तिला ऐकायचा हक्क होता.

आज चिंगीचं वजन २९६ आहे. श्वासाचा बारीक आवाज अधूनमधून येतो, तो राहणार. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा कधी टाकत नाही, सुती कापड रोज बदलतो. कॉइल आणि अगरबत्ती त्या खोलीतून कायमची बंद. गरम पाण्याची पिशवी पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्याला लावायची, म्हणजे नको असेल तेव्हा तिला दुसरीकडे सरकता येतं, हेही इथलंच शिकवलेलं.

पैशांचं सांगायचं तर तपासणीचे ७०० रुपये घेतले, औषधं, सलाईन आणि ऑक्सिजन वेगळे. फोनवर वजन कळवून सल्ला विचारला त्याचे काहीच घेतले नाहीत. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या जिन्यासाठी आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीसाठी कापला आहे.

येणाऱ्यांसाठी एवढंच. फोन करून "उंदीर आणतोय, खात नाही" असं आधी सांगा, म्हणजे मॅडम आहेत का ते कळेल आणि दादा पेटी गरम करून ठेवतात. कळवा, मुंब्र्याकडून येणार असाल तर लोकलच्या गर्दीत नेऊ नका, रिक्षाने या. सोबतीण असेल तर तिलाही त्याच डब्यात आणा. पाण्याची बाटली प्रवासात गळते, काकडीची फोड ठेवा. आणि वजनाची वही विसरू नका, मॅडम पहिल्यांदा तीच मागतात.